जावईबापूंचं ग्राफिक कार्ड बघायला वाशीला

आधीच माफी मागून ठेवते. माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व-दीर्घाचा आणि माझा चौथीनंतर संबंध राहिला नाही. अक्षर तर असं, की दोन दिवसांनी माझं मलाच लागत नाही. पण आमच्या बचत गटातल्या बायका सारख्या विचारतात, वाशीला काय बघितलंस ते सांग, आणि मला चारचौघींत तोंड उघडायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. म्हणून लिहून ठेवते. कुणाला वाचायला देण्याचं धाडस होईल असं वाटत नाही.

मुरुम

जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी जे गेले, ते एक कार्ड बघायला. रेशनचं नव्हे. कॉम्प्युटरात बसवायचं, विटेएवढं. त्याला ग्राफिक कार्ड म्हणतात. पोरं कॉम्प्युटरवर मारामारीचे खेळ खेळतात, त्यातली चित्रं भराभर हलावीत म्हणून ते निघालं. आमच्या जावईबापूंनी ते शेळ्यांसाठी घेतलं, आणि घेतलं माझ्या नावच्या कर्जातून.

जावईबापू म्हणजे सचिनराव, माझ्या थोरल्या बहिणीच्या वैशालीचे यजमान. बहीण गेली तेव्हापासून वैशालीचं माहेर म्हणजे मी. दोघंही इंजिनियर. पुण्याची चांगली चाललेली नोकरी सोडून ते सचिनरावांच्या गावी, वाशीला (मुंबईकडची नव्हे, आपल्याच जिल्ह्यातली) आले, आणि शेळ्यांचा विमा उतरवणाऱ्या एका कंपनीचं काम धरलं. काम असं. शेळी मेली म्हणून कुणी पैसे मागायला आलं, तर मेलेली शेळी विमा उतरवलेलीच आहे का, ते तिच्या तोंडाच्या फोटोवरून सांगायचं. कानातल्या बिल्ल्यावर कंपनीचा विश्वास उरला नव्हता. या शेळीच्या कानातला बिल्ला त्या शेळीच्या कानात जाऊ शकतो, हे कंपनीला बऱ्याच नुकसानीनंतर कळलं. आमच्या गावाला फुकटात माहीत होतं.

तर सचिनरावांचा फोन आला. "मावशी, कार्ड घेतलं तर चार दिवसांचं काम तासात होईल. काम झालं की कंपनी पैसे देईल. गटातून कर्ज निघेल का?" गट कर्ज देतो फक्त सभासद बाईला. म्हणजे माझ्या नावावर. जावई मागतो आणि मावशी नाही म्हणते, असं आमच्याकडं अजून कुणी करून दाखवलेलं नाही. मी 'बरं' म्हणाले. माझं निम्मं आयुष्य 'बरं' म्हणण्यात गेलं आहे.

पुढं हप्ते थकले. बँकेची अट अशी, की जुनं कर्ज मिटल्याशिवाय गटाला नवीन मिळणार नाही. सहा बायका शेळ्या घ्यायच्या म्हणून वाट बघत बसल्या होत्या आणि त्या सहा जणींच्या वाटेत मी आडवी. आमच्या अध्यक्ष ललिताबाई तर दर बैठकीला सगळ्यांदेखत गोड आवाजात विचारायच्या, "काय शेवंताबाई, जावयाचं यंत्र काय म्हंतंय?" शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी मी ठरवलं की जाऊन पैशाचं विचारायचं. आणि नेमका धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाला धोंडे घालायचे, कपडे करायचे, पाया पडायचं. म्हणजे ज्याच्याकडून वसुली करायची, त्याच्याच पुढं आहेराचं ताट घेऊन उभं राहायचं. पुरण भरलेले तेहतीस धोंडे, टॉवेल, टोपी आणि पॅन्टपीस घेऊन मी वसुलीला निघाले. बँकेच्या माणसांना ही पद्धत कुणीतरी शिकवायला पाहिजे.

लोहारा

वैशाली लोहाऱ्याजवळच्या एका गावात राहिलेल्या शेळ्यांचे फोटो काढत होती. तिला तिथं गाठून पुढं दोघींनी वाशीला जायचं ठरलं होतं. जीपवाल्यानं धोंड्यांच्या डब्याचं वेगळं भाडं घेतलं. डबा मांडीवर होता. मांडी माझी होती. तरी घेतलं.

मी पोचले तर गल्लीत लग्नघर असावं अशी गर्दी. एकेका शेळीला पाणी मारून, पुसून, कपाळाला हळदीकुंकू लावून आणलेलं. एका म्हातारीच्या शेळीच्या गळ्यात लाल-हिरव्या गोंड्यांची भरगच्च माळ होती, नाकापर्यंत आलेली.

"आजी, माळ तेवढी काढा," वैशाली म्हणाली. "फोटो काढायचाय."

"फोटू काढायचाय म्हनूनच घातली न्हवं!" म्हातारी म्हणाली. "तुज्या लग्नात तू बिनमाळंची हुभी ऱ्हायलीस व्हय गं?"

सगळी गल्ली हसली. वैशालीही हसली आणि म्हणाली, "राहू द्या. मशीन तोंडच बघतं."

मग दुसरीची शेळी आली. तिच्या गळ्यात माळ नव्हती. मालकीण म्हातारीला म्हणाली, "आत्ती, तुमची द्या की जरा." म्हातारीनं दिली. तिसरीनं मागितली, तिलाही दिली. एकच माळ गल्लीतल्या सगळ्या शेळ्यांच्या गळ्यात फिरली, आणि प्रत्येक शेळी तेवढ्यापुरती नवरी झाली. आमच्या भागातली शेळी म्हणजे नखशिखांत काळी. काळ्यावर लाल माळ अशी खुलून दिसते की काय सांगू. माझ्या लग्नातल्या एकुलत्या एक फोटोत मी इतकी चांगली आलेली नाही.

तिथं कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी जेवलो. लोहाऱ्याहून वाशीपर्यंतच्या प्रवासाचं वर्णन करत नाही, कारण तो सगळा वेळ मी गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून ओकत होते. तुळजापूर आलं तेव्हा हात जोडले, तेवढं आठवतं.

वाशी

वाशीकडची तऱ्हा आमच्याहून वेगळी. आमच्याकडं कर्नाटक जवळ, बाजारात निम्मं बोलणं कानडी. वाशीत कानडीचा एक शब्द कानावर पडला नाही. भाकरी मऊ, इतकी की चावायला काही कामच नाही. पण खवा! घरासमोरच खव्याची भट्टी, मोठ्या कढईत दूध आटत असतं आणि सगळी गल्ली त्या वासानं गोड झालेली. एवढ्या गोड वासात राहून माणसं भांडतात कशी, असं मला वाटलं. मग विहीणबाई भेटल्या.

विहीणबाई म्हणजे सचिनरावांच्या आई. उन्हाळा असा, की कौलावर पापड भाजावा, आणि त्या ओसरीत पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेल्या.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "हितंच बसा. आत न्हाय. आत सायेब ऱ्हातो."

"कोन सायेब?"

"ह्यो काय, त्यो खोका. त्येला कूलर लागतो. मला पुट्टा चालतो."

मी आत डोकावले. घरातली चांगली खोली, खिडकीला कूलर, आणि त्याच्यासमोर टेबलावर एक काळा खोका घूंऽऽ करत बसलेला. जाऊन हात लावला तर चटका बसला. गटाचे पैसे कुठं गेले ते मी डोळ्यांनी पाहिलं. चांगले गरम होते.

सचिनराव आले, पाया पडले. मी पैशाचं विचारायचं म्हणून तोंड उघडलं.

"जावईबापू, ते जरा..."

"बोला ना मावशी."

"ते... परवासात गार पडले धोंडे. गरम करून देऊ का?"

असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मी खव्याचा भाव विचारला. मग त्यांनाच वाटलं की मावशीला कार्डात फार गोडी आहे, आणि त्यांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. जसं कळलं तसं लिहिते.

समजा, शेळ्यांचा मोठा बाजार भरला आहे आणि त्यात तुम्हाला एक शेळी शोधायची आहे. शेळ्या कशाही उभ्या असतील, तर प्रत्येकीच्या तोंडाशी जाऊन बघावं लागेल. पण सारख्या दिसणाऱ्या शेळ्या आधीच शेजारी शेजारी बांधून ठेवल्या, तर थेट त्या कोपऱ्यात जाता येतं. ही जी आधीची बांधाबांध, तिला इंडेक्स म्हणतात. शोधणं सोपं, पण बांधाबांध अवघड, कारण कोण कुणासारखी दिसते ते ठरवायला ह्या शेळीचं तोंड त्या शेळीशी, त्या शेळीचं आणखी कुणाशी, असं मोजत बसावं लागतं. जिल्हाभरातल्या शेळ्या म्हटल्यावर साध्या प्रोसेसरला चार दिवस लागायचे.

"मग कार्ड काय करतं?" मी विचारलं. खरं तर विचारायचं होतं, कार्डाचे पैसे कधी.

"साधा प्रोसेसर म्हणजे दोन-चार फार हुशार गडी," सचिनराव म्हणाले. "काहीही काम सांगा, करतात, पण एकामागून एक. कार्डात हजारो साधे कामगार असतात. त्यांना अवघड काम जमत नाही. पण सगळ्यांना एकच सोपं काम दिलं, की सगळे एकदम करतात. खुरपायला बायका कशा पात धरून बसतात, तसं."

तर हा शोध. बायकांची ओळ धरली की रान लवकर उरकतं, हे जगातल्या मोठमोठ्या इंजिनियरांना इतक्या वर्षांनी कळलं. मी फक्त चाळीस वर्षं पात धरून खुरपते आहे.

"अडचण एकच," ते पुढं म्हणाले. "कार्डाची स्वतःची मेमरी थोडी. फोटोंची माहिती गाठोडी बांधून आत पाठवावी लागते. गाठोडं वेळेवर आलं नाही की हजारो कामगार बांधावर बसून."

"तेवढ्या वेळात चा पीत असतील," ओसरीतून विहीणबाई म्हणाल्या. "कूलरच्या वाऱ्याला बसून."

वाशी, दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी पुण्याहून कंपनीचे साहेब परीक्षा घ्यायला येणार होते. वैशालीनं मला सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, आज पास झालं तर कंपनी पैसे देईल आणि गटाचं फिटेल. नाही झालं तर साहेब दुसऱ्या कुणाला काम देणार आहेत." म्हणजे तिला माहीत होतं मी कशाला आले ते. धोंड्यांच्या डब्याआडून दिसत होतं म्हणायचं.

साहेब आले. सडसडीत, घामाघूम, आणि संध्याकाळच्या आत परत निघायची घाई. अंगणात गल्लीतल्या शेळ्या आणून बांधल्या होत्या. या सगळ्यांचे फोटो मागंच, बिनमाळेचे, काढून झालेले. आज परीक्षा म्हणून लोकांनी त्यांना सजवून आणलं होतं. वाशीतही गोंड्यांची लाल-हिरवी माळ मिळते, हे मला तेव्हा समजलं.

साहेबांनी मनानंच एक शेळी निवडली आणि मोबाईलवर फोटो काढला. मोबाईल खिशात जायच्या आत खोक्यानं उत्तर दिलं. कार्डाचा वेग खरंच बघण्यासारखा. पडद्यावर लिहून आलं, शेळी अमक्या म्हातारीची, मुक्काम लोहारा तालुका.

त्या शेळीचं दावं हातात धरून उभा असलेला माणूस वाशीचा, शेजारच्या आळीतला. तो शेळीकडं बघायला लागला.

"कवा गेलीस गं लोहाऱ्याला?" त्यानं तिला विचारलं. "म्या तर रोज हितंच बघतोय."

साहेबांनी दुसरी शेळी घेतली. तीही लोहाऱ्याची. तिसरीही. अंगणातल्या एकूण एक माळवाल्या शेळीचं सासर लोहारा निघालं. सचिनरावांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. वैशालीनं पडद्यावर ते सगळे फोटो शेजारी शेजारी लावले, आणि कपाळावर हात मारला.

"तोंडं नाही बघितली त्यानं," ती म्हणाली. "काळ्या तोंडांत फरक बारीक, आणि माळ ठळक. त्यानं माळा ओळखल्या."

मला कॉम्प्युटरबद्दल तेव्हा पहिल्यांदा आपुलकी वाटली. लग्नात नवरीचं तोंड कोण बघतं? आम्हीही दागिनेच बघतो. तर आधी ही चूक करायला चार दिवस लागले असते, ती कार्डामुळं तासात झाली होती.

साहेब बॅग उचलायला लागले. वैशाली घाईनं म्हणाली, "सर, फोटोतलं बाकी सगळं कापून फक्त नाकपुडीभोवतीचा भाग घेते, तिथला ठसा प्रत्येकीचा वेगळा असतो. इंडेक्स नव्यानं बांधते. तास-सव्वा तास द्या."

"परवापर्यंत होईल असं मागच्या खेपेला म्हणाला होतात," साहेब म्हणाले.

"तेव्हा कार्ड नव्हतं."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "जेवण होईपर्यंत थांबतो. जेवण झालं की निघणार."

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. आता मला बोलता येत नाही, हिशेब मागता येत नाही, जावयाला पैसे मागता येत नाहीत. पण ताटावर बसलेल्या माणसाला उठू न देणं मला येतं. मी पदर खोचला.

भाकरी, आमटी, वांग्याची भाजी, पुन्हा भाकरी. साहेब पुरे म्हणाले की मी काही न बोलता वाढायची. बोलायची लाज वाटत असल्यामुळं माझ्याशी वाद कुणाला घालता येत नाही. मग खव्याच्या पोळ्या झाल्या. मग काही उरलं नाही, तेव्हा मी जावयाच्या धोंड्यांचा डबा उघडला.

विहीणबाई माझ्या कानाशी आल्या. "अवं, जावयाचं धोंडं परक्याला घालाय लागल्या व्हय? काय म्हनंल गाव?"

"विहीणबाई," मी म्हणाले, "खोक्याला अजून येळ हाय."

तेवढ्यात आतून सचिनराव धावत आले. कार्ड तापलं होतं. फार तापलं की ते आपलं आपण सावकाश होतं. अंगाला जपतं. त्या खोलीतला कूलर साहेबांच्या जेवणासाठी ओसरीत आणून लावला होता. आता एकच कूलर, आणि एकीकडं साहेब, एकीकडं कार्ड. सगळे एकमेकांकडं बघत उभे. मी उठले, कूलर ओढत आत नेला आणि खोक्यासमोर लावला. साहेबांपुढं पुठ्ठा घेऊन बसले आणि त्यांना वारा घातला. पुण्याचा माणूस धोंड्यात तूप घालून, घामानं निथळत, 'ताई, राहू द्या, राहू द्या' म्हणत जेवत होता, आणि मी वाढत होते. विहीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. खऱ्या साहेबापेक्षाही खोक्याचा मान मोठा, हे त्यांना अखेर पटलं असावं.

साहेबांनी हात धुतला आणि वैशालीनं आतून हाक मारली.

पुन्हा अंगण. साहेबांना वाकवत नव्हतं, तरी त्यांनी वाकून शेळ्यांचे फोटो काढले. माळा तशाच होत्या. कुणी काढल्या नाहीत, आणि काढायची गरज नव्हती. पहिली शेळी, उत्तर बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी एका जुळ्या जोडीतली. खोक्यानं सांगितलं, ही धाकटी.

"साफ चूक," मालक म्हणाला. "थोरली हाय ही."

त्याची बायको मागं उभी होती. "धाकटी हाय," ती म्हणाली. "थोरलीला रोज म्या पिळते. तुमी कवा बघितलंय त्येंच्या तोंडाकडं?"

"मग एवढे दिवस म्या कुनाला थोरली म्हनतोय?"

"त्येच म्या इचारनार हुते."

साहेब पहिल्यांदा मनापासून हसले आणि पुढं आणखी चार-पाच शेळ्या बघून पास म्हणाले. गाडीत बसताना त्यांनी पट्टा सैल केला, तेव्हा मला थोडं वाईट वाटलं.

निघायच्या वेळी सचिनरावांना मी ओवाळलं, कपडे दिले. धोंडे डब्यात दोनच उरले होते, तेवढे दिले. ते पाया पडून म्हणाले, "मावशी, कंपनीचे पैसे आले की सगळ्यात आधी गटाचं." मी म्हणाले, "कसली घाई हाय?" एवढा प्रवास करून, एवढं ओकून, हे माझ्या तोंडून निघालं.

परत मुरुम

शेळी शोधायला त्या खोक्याला डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ लागतो. कंपनीला पैसे पाठवायला पावसाळा गेला. दर वेळी विचारलं की सांगायचे, प्रक्रियेत आहे. कंपनीच्या त्या विभागात अजून कार्ड बसवलेलं नसावं. इकडं ललिताबाईंच्या आवाजातला गोडवा वाढतच गेला, आणि सहा जणींपैकी एकीनं माझ्याशी बोलणं सोडलं. तिचं चुकत नव्हतं. तिनं शेळ्यांसाठी गोठा घालून ठेवला होता आणि त्यात उंदीर राहत होते.

मग एका बैठकीच्या दिवशी सचिनराव आणि वैशाली न सांगता आले. सगळ्या बायकांनी डोक्यावरचे पदर सावरले. सचिनरावांनी नोटांची पाकिटं सतरंजीवर ठेवली, मुद्दल आणि सगळं व्याज. ललिताबाईंनी बोट ओलं करून मोजलं, मग कोषाध्यक्ष बाईंनी मोजलं, मग ललिताबाईंनी पुन्हा मोजलं. पैसे बरोबर होते.

"आमाला खात्रीच हुती बगा," ललिताबाई म्हणाल्या. "शेवंताबाईचा जावई म्हनल्यावर."

चारचौघी समोर बसल्या होत्या. तरी मी बोलले.

"मग लिवा तसं. शेवंताकडं काय बी बाकी न्हाय. अन् मोठ्यानं वाचून दावा."

ललिताबाईंनी लिहिलं. मग सगळ्या बायकांकडं न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांनी वाचलं. सगळे पैसे फिटले.